आपापल्या देशाचे कडवे, मग एकमेकांचे मित्र कसे? युरोपातल्या अतिउजव्या पक्षांच्या युतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा डिचोलीचा. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदणीवरून नागरिकत्व मिळालं आणि आता लिस्बनमध्ये राहतो. गावाहून फोन आला की पाऊस आणि काजूचा भाव झाल्यावर विषय हमखास इथल्या राजकारणावर येतो. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेले हे प्रश्न.

"आमचा देश आधी" म्हणणारे पक्ष दुसऱ्या देशातल्या तशाच पक्षाशी हातमिळवणी करतातच कशी?

त्यांचा शत्रू एक असतो म्हणून. ब्रसेल्समधली युरोपीय संघाची सत्ता, बाहेरून येणारे स्थलांतरित आणि इस्लाम या तीन मुद्द्यांवर फ्रान्सच्या, ऑस्ट्रियाच्या आणि पोर्तुगालच्या अतिउजव्या नेत्यांची भाषणं शेजारी ठेवून वाचा, फक्त शहरांची नावं बदललेली दिसतील. नको काय, यावर त्यांचं एकमत चटकन होतं. हवं काय, हे ठरवायला बसले की अडतं, कारण एकाला हवी असते ती जमीन, तो पैसा किंवा ती सूट दुसऱ्याच्याच ताटातून यायची असते. गेल्या चाळीस वर्षांत या युत्या जिथे जिथे तुटल्या, तिथे बहुतेक वेळा हेच कारण सापडतं.

ही युती प्रत्यक्षात कुठे असते? नुसत्या सभा आणि फोटो, की आणखी काही?

मुख्य ठिकाण युरोपीय संसद. तिचं कामकाज स्ट्रासबर्ग आणि ब्रसेल्समध्ये चालतं, जून २०२४ च्या निवडणुकीनंतर तिच्यात ७२० खासदार आहेत. तिथे खासदार देशानुसार बसत नाहीत, राजकीय गटानुसार बसतात. गट करायचा तर किमान २३ खासदार लागतात आणि ते निदान सात देशांतले असावे लागतात.

या सात देशांच्या अटीमुळेच सगळी धावपळ होते. एकट्या फ्रान्समधून तीस खासदार निवडून आणले तरी गट होत नाही. परदेशातले मित्र नुसते हौसेसाठी जमवले जात नाहीत, नियमच तसा आहे.

गट झाला की काय पदरात पडतं?

बोलायला वेळ, कर्मचारी, कचेऱ्या, प्रचार-प्रसिद्धीचा निधी, समित्यांमध्ये वाटा. गटाबाहेरच्या खासदाराला सभागृहात जेमतेम मिनिटभर मिळतं आणि महत्त्वाच्या कायद्याचा मसुदा त्याच्या हाती सहसा येत नाही. हा पैसा थोडाथोडका नसतो, आणि त्यावरून खटलेही झाले आहेत. ३१ मार्च २०२५ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने फ्रान्समधल्या नॅशनल रॅली या अतिउजव्या पक्षाच्या नेत्या मारीन ल पेन यांना दोषी ठरवलं. युरोपीय संसदेतल्या साहाय्यकांच्या पगाराचे पैसे पक्षाच्या कामासाठी वापरल्याचा आरोप होता. शिक्षेत पाच वर्षं निवडणूक लढवण्याची बंदीही होती. त्यांनी अपील केलं. निकालाच्या दिवशी हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी फ्रेंचमध्ये लिहिलं, "ज स्वी मारीन", म्हणजे मीच मारीन. परदेशातल्या कोर्टाच्या निकालावर दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानाने अशी प्रतिक्रिया द्यावी, इतपत हे संबंध आता मुरले आहेत.

याची सुरुवात कधी झाली?

संसदेत १९८४ साली. मारीन यांचे वडील ज्याँ-मारी ल पेन यांच्या नॅशनल फ्रंटला (आजची नॅशनल रॅली) त्या वर्षी सुमारे ११ टक्के मतं आणि १० जागा मिळाल्या. इटलीच्या नवफॅसिस्ट एमएसआय पक्षाचे पाच आणि ग्रीसचा एक खासदार घेऊन त्यांनी गट बांधला.

पुढच्याच निवडणुकीत, १९८९ ला, पेच आला. जर्मनीच्या रिपब्लिकानर या अतिउजव्या पक्षाचे खासदार नवे निवडून आले होते, ल पेन यांना ते हवे होते. इटालियन मात्र त्यांच्याबरोबर बसायला तयार नव्हते. कारण दक्षिण टिरोल. आल्प्सच्या कुशीतला हा जर्मन बोलणारा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. तिथल्या जर्मन भाषकांची बाजू रिपब्लिकानर घेत आणि तिथल्या इटालियन भाषकांच्या मतांवर एमएसआय जगत असे. एका डोंगराळ जिल्ह्यापायी युरोपातल्या दोन कडव्या पक्षांचं जमलं नाही. ल पेन यांनी जर्मन निवडले, इटालियन बाहेर राहिले.

सगळ्यात वाईट फूट कोणती?

२००७ ची, आणि ती मला तपशिलात सांगावीशी वाटते.

१ जानेवारी २००७ रोजी रोमानिया आणि बल्गेरिया युरोपीय संघात आले. पश्चिमेतल्या अतिउजव्या पक्षांचा या विस्ताराला कडाडून विरोध होता. पण गटाला खासदार कमी पडत होते, आणि विस्तारामुळेच ते मिळाले: ग्रेटर रोमानिया पक्षाचे पाच आणि बल्गेरियाच्या अटाका पक्षाचा एक. त्याच महिन्यात 'अस्मिता, परंपरा, सार्वभौमत्व' या नावाचा गट उभा राहिला. अध्यक्ष फ्रान्सचे ब्रुनो गोलनिश. सदस्यांमध्ये बेनितो मुसोलिनीची नात आलेसांद्रा मुसोलिनीही होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस रोममध्ये एका स्त्रीवर हल्ला होऊन तिचा मृत्यू झाला. पकडलेला माणूस रोमानियाचा नागरिक होता. इटलीत संतापाची लाट आली आणि आलेसांद्रा मुसोलिनी यांनी रोमानियन लोकांच्या बाबतीत कायदा मोडणं ही जगण्याची रीतच झाली आहे, अशा अर्थाचं विधान केलं. आता त्यांच्याच गटात, त्यांच्याच बाकांवर पाच रोमानियन राष्ट्रवादी बसलेले. ते उठून गेले. तेव्हा गटाला किमान वीस खासदार लागत, ती संख्या भरेना, आणि १४ नोव्हेंबरला गट संपला. पुरते अकरा महिनेही झाले नव्हते.

परक्याला सरसकट गुन्हेगार ठरवायची सवय लागली की आपला मित्रपक्षही कुणाच्या तरी लेखी परकाच आहे, हे विसरायला होतं. दक्षिण टिरोलचा वाद निदान जमिनीचा होता. इथे भांडायला जमीनही नव्हती, एक वाक्य पुरलं.

मग त्यातून ते काही शिकले का?

शिकले. म्हणूनच २००७ ची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

मारीन ल पेन यांनी वडिलांच्या पक्षाची धाटणी बदलायला घेतली. गॅस चेंबर हा इतिहासातला 'एक तपशील' आहे, असं ज्याँ-मारी ल पेन १९८७ साली म्हणाले होते. त्यामुळे इस्रायलची बाजू घेणारे नेदरलँड्सचे अतिउजवे नेते खेर्ट विल्डर्स त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मुलीशी मात्र विल्डर्स यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये हेगमध्ये हात मिळवला. २०१४ मध्ये सात देशांची अट पुरी झाली नाही, जून २०१५ मध्ये झाली. दोन महिन्यांनी वडिलांना पक्षातूनच काढलं गेलं.

त्यानंतर सभा मोठ्या होत गेल्या. १८ मे २०१९ ला मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात इटलीचे गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी अकरा-बारा देशांतले मित्रपक्ष बोलावले होते. व्यासपीठावर साल्विनी यांनी हातात जपमाळ धरून युरोपातल्या संतांची नावं घेतली आणि मेरीमातेला साकडं घातलं. त्याच दिवशी व्हिएन्नामध्ये त्यांच्या सगळ्यात जवळच्या ऑस्ट्रियन मित्रपक्षाचे प्रमुख, उपचॅन्सलर हाइन्झ-क्रिस्टियान श्ट्राखे राजीनामा देत होते. इबिझा बेटावर एका स्त्रीला, ती रशियन धनाढ्याची पुतणी आहे असं समजून, सरकारी कंत्राटांचं आमिष दाखवत असल्याचा त्यांचा छुपा व्हिडिओ आदल्या संध्याकाळी जर्मन वृत्तपत्रांनी बाहेर काढला होता. तरीही पुढच्या आठवड्यातल्या निवडणुकीनंतर ७३ खासदारांचा गट उभा राहिलाच. २००७ मध्ये एका वाक्याने गट मोडला होता, २०१९ मध्ये एवढं प्रकरण पचलं.

आज किती गट आहेत?

तीन. आकडे जुलै २०२४ चे:

'पॅट्रियट्स फॉर युरोप', ८४ खासदार, १२ देश. ओर्बान यांनी ३० जून २०२४ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाच्या आणि चेक प्रजासत्ताकाच्या मित्रांना घेऊन घोषणा केली, आठवडाभरात ल पेन यांचा पक्ष आला. अध्यक्ष जॉर्डन बार्देला. संसदेतला तिसऱ्या क्रमांकाचा गट.

'युरोपियन कन्झर्व्हेटिव्हज अँड रिफॉर्मिस्ट्स' म्हणजे ईसीआर, ७८ खासदार. इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष आणि पोलंडचा पीआयएस हे यातले वजनदार पक्ष. या गटातले सगळेच अतिउजवे नाहीत, काही साधे पुराणमतवादी आहेत, एवढं ध्यानात ठेवावं.

'युरोप ऑफ सॉव्हरिन नेशन्स', २५ खासदार. जर्मनीच्या एएफडी या पक्षाभोवती जमलेला.

तिन्हींची बेरीज १८७. सगळ्यात मोठ्या, मध्य-उजव्या युरोपियन पीपल्स पार्टीचे १८८ होते.

एवढी ताकद आहे तर एकच गट का करत नाहीत?

एएफडीला कुणी जवळ घेत नाही हे पहिलं कारण. त्यांचे प्रमुख उमेदवार माक्सिमिलियान क्राह मे २०२४ मध्ये एका इटालियन दैनिकाला म्हणाले की हिटलरच्या एसएस दलातला प्रत्येक जण गुन्हेगार होता असं नाही. फ्रान्समध्ये नाझी ताब्याच्या आठवणी घरोघरी आहेत. २३ मे रोजी एएफडीला ल पेन यांच्या तेव्हाच्या गटातून काढलं.

दुसरं कारण युक्रेन. मेलोनी आणि पोलिश राष्ट्रवादी युक्रेनला शस्त्रं द्यावीत या बाजूचे, तर ओर्बान ५ जुलै २०२४ ला थेट मॉस्कोला जाऊन पुतिन यांना भेटले. ऑस्ट्रियाच्या फ्रीडम पार्टीने डिसेंबर २०१६ मध्ये आणि साल्विनींच्या लेगाने मार्च २०१७ मध्ये पुतिन यांच्या 'युनायटेड रशिया' पक्षाशी सहकार्याचे करार केले होते. नॅशनल फ्रंटने २०१४ मध्ये एका रशियन बँकेकडून नऊ दशलक्ष युरोंहून जास्त कर्ज घेतलं होतं, ते २०२३ मध्ये फेडलं. रशियाच्या टाचेखाली पिढ्या घालवलेल्या पोलंडच्या मतदाराला हे कसं पटावं?

तिसरं, स्थलांतरितांची वाटणी. आफ्रिकेतून येणारी होडी लागते ती इटलीच्या लांपेदुसा बेटाला. म्हणून साल्विनी असोत वा मेलोनी, इतर देशांनी वाटा उचलावा अशी इटलीची मागणी. आणि हंगेरीचं म्हणणं, एकही माणूस आमच्याकडे पाठवायचा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये साल्विनी आणि ओर्बान मिलानमध्ये भेटले, एकमेकांचं तोंडभरून कौतुक केलं, पण हा प्रश्न आहे तिथेच राहिला.

हंगेरी आणि रोमानियाच्या राष्ट्रवाद्यांचं वाकडं का?

ट्रान्सिल्व्हेनिया. १९२० च्या ट्रियानॉन तहाने हा प्रदेश हंगेरीकडून रोमानियाकडे गेला आणि आजही तिथे दहा लाखांच्या आसपास हंगेरियन भाषक राहतात. आपल्याकडे सीमाप्रश्न म्हटल्यावर बेळगावचा माणूस जसा सावध होऊन बसतो, तसं तिथे हे नाव काढल्यावर होतं.

तिथे ऊझ नावाच्या दरीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची एक दफनभूमी आहे. २०१९ च्या वसंतात तिथे रोमानियन सैनिकांच्या नावाने काँक्रीटचे नवे क्रूस रोवले गेले. ६ जूनला हंगेरियन लोक हातात हात घालून दफनभूमीभोवती उभे राहिले, प्रार्थना म्हणू लागले. रोमानियन जमाव फाटक मोडून आत शिरला. मेलेल्यांच्या जागेवरून जिवंत माणसं एकमेकांना ढकलत होती. तिथे आलेल्या रोमानियन राष्ट्रवाद्यांत जॉर्ज सिमियन होते. त्याच वर्षी त्यांनी एयूआर हा पक्ष काढला.

२०२४ मध्ये एयूआर ईसीआर गटात आला आणि ओर्बान यांच्या पक्षाने जाहीर केलं की मग आम्ही तिथे येणार नाही. मे २०२५ मध्ये सिमियन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना ओर्बान यांनी एका भाषणात त्यांच्याविषयी चांगले उद्गार काढले, तर ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन लोकांच्या पक्षाने उघड नाराजी दाखवली. १८ मे रोजी हंगेरियन वस्तीच्या जिल्ह्यांत सिमियन यांच्या विरोधात भरभरून मतदान झालं आणि ते हरले. बुडापेस्टमधल्या नेत्याला युती प्यारी असेल, पण त्या दरीत राहणाऱ्याला शेजाऱ्याचा हात आठवतो.

अमेरिकेचा यात हात आहे का?

ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन २०१८ मध्ये ब्रसेल्समधून 'द मूव्हमेंट' चालवायला आले होते, कुणी फारशी दाद दिली नाही. नंतर वारं बदललं. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क एएफडीच्या सभेत व्हिडिओवरून बोलले, आणि ८ फेब्रुवारीला 'पॅट्रियट्स' माद्रिदमध्ये जमले तेव्हा घोषणाच ट्रम्प यांची होती, फक्त अमेरिकेच्या जागी युरोप.

इतर पक्ष यांना अडवत नाहीत का?

अडवतात, पण धरण झिरपतंय. बेल्जियममध्ये १९८९ पासून इतर पक्षांनी फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागातल्या, अतिउजव्यांशी सत्तेत भागीदारी न करण्याचं ठरवलं, त्याला 'कॉर्डन सॅनिटेअर' म्हणतात, साथ पसरू नये म्हणून घालतात तशी नाकाबंदी. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संसदेत 'पॅट्रियट्स'ला एकही उपाध्यक्षपद किंवा समितीचं अध्यक्षपद मिळू दिलं नाही. ईसीआरला मात्र दोन उपाध्यक्षपदं मिळाली. रेषा आता अतिउजव्यांच्या बाहेरून जात नाही, मधून जाते.

आणि १३ नोव्हेंबर २०२५ ला, कंपन्यांवरची पर्यावरण आणि मानवी हक्कांची जबाबदारी सैल करणाऱ्या प्रस्तावावर, युरोपियन पीपल्स पार्टीने नेहमीचे मध्यममार्गी भागीदार सोडून उजवीकडच्या या गटांच्या मतांवर बहुमत गाठलं. मला तीन गटांच्या भांडणापेक्षा याची जास्त चिंता वाटते. मतदानाच्या वेळी हिरवं बटण दाबायला एका गटात असावं लागत नाही.

शब्दही असेच सरकतात. 'रिमायग्रेशन', म्हणजे आलेल्यांची परत पाठवणी, हा शब्द काही वर्षांपूर्वी छोट्या टोळक्यांत फिरत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॉट्सडॅमजवळच्या एका हॉटेलात झालेल्या बैठकीत ऑस्ट्रियन कार्यकर्ते मार्टिन झेलनर यांनी तो मांडला, जानेवारीत बातमी फुटल्यावर लाखो जर्मन रस्त्यावर उतरले आणि खुद्द मारीन ल पेन यांनी हात झटकले. वर्षभराने एएफडीच्या नेत्या अलिस वायडेल यांनी रीझाच्या अधिवेशनात हाच शब्द व्यासपीठावरून जाहीरपणे वापरला.

आम्हा गोवेकरांना, भारतीयांना याची झळ लागते का? ते तर मुसलमानांच्या विरोधात आहेत ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि दर वेळी पोटात कालवतं.

लिस्बनमध्ये मार्टिम मोनिझ चौकापासून रुआ दो बेन्फोर्मोझो नावाची अरुंद गल्ली वर जाते. मी कोथिंबीर, कढीपत्ता, पोहे तिथूनच आणतो. दुकानदार बहुतेक बांगलादेशी, काही भारतीय, काही नेपाळी. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी ती गल्ली बंद केली आणि डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर टेकवून रांगेत उभं केलं. तो फोटो देशभर गेला. १९ डिसेंबर, म्हणजे आपला गोवा मुक्तिदिन. फोटोत पाठमोरी माणसं आहेत. पाठीवरून हिंदू कोण, मुसलमान कोण, कुणाच्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट आहे, काही कळत नाही.

इथला अतिउजवा पक्ष चेगा हा 'पॅट्रियट्स'चा घटक. त्याचे नेते आंद्रे व्हेंचुरा यांनी त्या कारवाईचं स्वागत केलं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या प्रचाराला मारीन ल पेन लिस्बनला आल्या होत्या. २०२५ च्या शरदात त्यांचे मोठे फलक लागले, "हा बांगलादेश नव्हे". ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट वाढवणारा कायदा सत्ताधारी उजव्यांनी चेगाच्या मतांनी मंजूर केला. डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

"आपण त्यातले नाही" हा दिलासा ज्यांना हवा आहे त्यांना मी तो देऊ शकत नाही. फलकावर नाव बांगलादेशचं असतं, पण बसमध्ये माझ्याकडे रोखून बघणारा माझं मूळ गाव विचारत बसत नाही.

भारताशी या पक्षांचा थेट संबंध कधी आला?

ठळकपणे ऑक्टोबर २०१९ मध्ये. कलम ३७० रद्द झाल्यावर युरोपीय संसदेचे २७ खासदार दिल्लीत पंतप्रधानांना भेटले आणि त्यांतले २३ श्रीनगरला गेले. बहुतेक जण फ्रान्सच्या नॅशनल रॅली, पोलंडच्या पीआयएस, एएफडी, लेगा, स्पेनच्या व्हॉक्स अशा पक्षांचे होते. दौरा खाजगी होता, युरोपीय संघाचा अधिकृत नव्हता. भारतात अनेक बातम्यांत मात्र 'युरोपीय संघाचं शिष्टमंडळ' असंच छापून आलं. यापुढे 'युरोपचे खासदार' असं वाचलंत तर पक्ष आणि गट कोणता हे जरूर पाहा.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेला गोवेकर मत देऊ शकतो का?

हो. भारतात किंवा इतरत्र राहणाऱ्या, मतदारयादीत नाव असलेल्या पोर्तुगीज नागरिकाला पोर्तुगालच्या संसदेसाठी टपालाने मत देता येतं. परदेशस्थांसाठी २३० पैकी चार जागा आहेत, दोन युरोपातल्यांच्या, दोन युरोपाबाहेरच्यांच्या. चार म्हणजे किरकोळ वाटतील. पण मे २०२५ मध्ये देशातली मतमोजणी संपली तेव्हा चेगा आणि समाजवादी पक्ष ५८-५८ वर बरोबरीत होते. मग परदेशांतून आलेली पाकिटं उघडली. चारपैकी दोन जागा चेगाला गेल्या आणि तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गसारख्या देशांत स्वतः स्थलांतरित म्हणून राबणाऱ्या पोर्तुगीजांनी त्यातली बरीच मतं दिली होती. गोव्यातल्या किती घरांत तसं पाकीट न उघडता कपाटावर पडून राहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.